भावाच्या चोर बीटीची तक्रार देऊ का?

पत्र (थोडं छोटं केलंय) :

ताई, मी दारव्हा तालुक्यातला, वय ३२. बाबा गेल्यावर नऊ एकरातलं निम्मं दादा करतो, निम्मं मी, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. मी सहा वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलो, आता एका गटासोबत सेंद्रिय कपाशी करतो, सर्टिफिकेटचं तिसरं वर्ष आहे. दादा दोन वर्षांपासून चोर बीटी (तणनाशक सोसणारं, बिनपरवानगीचं बीटी बियाणं) लावतो आणि पऱ्हाटीवरूनच, म्हणजे उभ्या कपाशीवरूनच, ग्लायफोसेट हे तणनाशक मारतो. ऑगस्टमध्ये माझ्या धुऱ्याकडच्या दहा-बारा तासांतली (ओळींतली) पऱ्हाटी बिघडली, नवीन पानं भेंडीसारखी लांब बोटं फुटल्यागत निघाली. त्याच्या आठ दिवस आधी मी त्या तासांवर मावा होता म्हणून तेवढ्यावरच दशपर्णी (झाडपाल्याचा अर्क) मारला होता, माझा पंप बंद पडला म्हणून शेजारच्या काकांचा आणला होता, म्हणजे माझ्याकडून रासायनिक काहीच गेलेलं नाही. दादाला विचारलं तर म्हणे तुझ्या जीवामृतानं झालं असेल. मी चौकात चार लोकांसमोर त्याला विष पेरणारा म्हणालो. तेव्हापासून बोलणं बंद. वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, मग तुम्ही या निंदायला." आई दोन घरांच्या मध्ये रडते. मी कृषी अधिकाऱ्यांच्या नावानं तक्रार लिहून ठेवलीय, फोटोंसकट. देऊ का?
– धाकटा

उत्तर :

तू ताई म्हणालास म्हणून तुला तूच म्हणते. तक्रार देऊ नकोस. निदान आत्ता नको, आणि भावाच्या नावानं तर नकोच. का ते सांगते पण आधी पानांचं बोलू, कारण तुझ्या पत्रातली ती पानांची ओळ मी चार वेळा वाचली आणि दर वेळी पोटात गोळा आला.

ग्लायफोसेट ज्या पऱ्हाटीला सहन होत नाही तिच्यावर उडालं ना, तर ती पिवळी पडते, शेंडा मरगळतो, हळूहळू आठ-दहा दिवसांत किंवा जरा जास्त दिवसांत वाळत जाते. भेंडीसारखी लांब बोटं फुटत नाहीत. कपाशीला भेंडीसारखं पान येणं, शिरा जवळजवळ येणं, पान अरुंद होऊन वळणं, ही खूण आहे टू-फोर-डी ची. ते वेगळंच तणनाशक आहे, गव्हात, मक्यात, ज्वारीत, उसात रुंद पानाचं तण मारायला वापरतात, आणि कपाशी त्याला इतकी हळवी की पंपात राहिलेल्या अंशानंसुद्धा पिकाचं रूप बदलतं. आता विचार कर. दादाची ती चोर बीटी फक्त ग्लायफोसेट सोसते, टू-फोर-डी सोसत नाही, म्हणजे त्यानं ते मारलं असतं तर आधी त्याचीच पऱ्हाटी भेंडी झाली असती. झालीय का? तू तसं काही लिहिलेलं नाहीस.

आणि ज्या तासांवर तू दशपर्णी मारलास तेवढेच तास बिघडले. आठ दिवसांनी. दुसऱ्याच्या पंपानं.

मी पानं डोळ्यानं पाहिली नाहीत त्यामुळे निकाल देत नाही, फांदी तोडून कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा, तिथले लोक बघून सांगतील. पण माझा संशय त्या पंपावर आहे. काकांनी त्या पंपानं ज्वारीतलं नाहीतर धुऱ्यावरचं तण मारलं असेल, साध्या पाण्यानं दोनदा हिसळून ठेवला असेल, तेवढ्यानं ते जात नाही रे, नळीत, नोझलमध्ये, वायसरमध्ये बसून राहतं. म्हणून जाणते शेतकरी तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवतात. काकांचाही यात वाईट हेतू नाही, तुझाही नाही. पण तू चौकात ज्याला विष पेरणारा म्हणालास त्याचा बहुतेक संबंधच नव्हता, आणि तुझ्याच हातून, नकळत, तुझ्या सेंद्रिय वावरात रसायन गेलं. हे वाचून तुला कसं वाटेल ते मला कळतंय. गटाला मात्र हे तू स्वतः होऊन सांग, तपासणीत निघायच्या आत, ते तास वेगळे धर, तो कापूस वेगळा वेच, गट काय म्हणतो ते ऐक. लपवलंस तर तुझी तीन वर्षांची मेहनत एका उसन्या पंपावर जाईल.

आता तुमचं खरं भांडण. ते पानांच्या आधीपासूनचं आहे हे तुलाही माहितीये. तुला वाटतं दादा कंपन्यांच्या नादी लागलाय, दादाला वाटतं तू शहरातून शिकून येऊन त्याला अडाणी ठरवतोयस. आणि हे तुमच्या दोघांचं एकट्याचं नाही, विदर्भात पंचवीस वर्षं हेच चाललंय. २००१ ला गुजरातमध्ये परवानगी नसलेली बीटी कपाशी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली) हजारो एकरांवर सापडली, सरकार म्हणालं उपटा, जाळा, तेव्हा शरद जोशींची शेतकरी संघटना त्या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभी राहिली, आणि मार्च २००२ मध्ये बीटीला रीतसर परवानगी आली. मग २०१० ला बीटी वांग्यावर नागपूरसकट सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारीला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही, तिकडे बांगलादेशानं २०१३ ला तेच वांगं मान्य केलं. आणि १० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहागीरला संघटनेच्या शेतकऱ्यांनी जाहीरपणे, सगळ्यांना बोलावून हेच तणनाशक सोसणारं बियाणं पेरलं, सविनय कायदेभंग म्हणून, त्यांच्यावर गुन्हेसुद्धा दाखल झाले. ते कंपनीचे दलाल होते का? नव्हते. आणि सुनावण्यांमध्ये देशी वाणांच्या पिशव्या घेऊन उभे राहणारे सगळे शहरी रिकामटेकडे होते का? तेही नव्हते. दोन्हीकडे वावर कसणारीच माणसं होती, हे तुम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघून तरी मान्य करा.

तू पत्रात (इथे कापलंय ते मी) लिहिलंयस की बीटीनं विदर्भ मेला, आत्महत्या बीटीमुळे. बाळा, हे बरोबर नाही. आत्महत्या २००२ च्या आधीपासून होत होत्या, कर्ज, कोरडवाहू जमीन, पडलेले भाव, एका पावसावर अख्खं वर्ष, ही कारणं बियाण्याच्या पाकिटापेक्षा जुनी आहेत. सुरुवातीच्या वर्षांत बीटीनं हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी केल्या हे ज्यांनी त्याआधीची बोंडअळी पाहिलीय ते विसरणार नाहीत. दादाचंही सगळं खरं नाही. बीटी म्हणजे अळीची चिंता मिटली हे कधीच संपलंय. गुलाबी बोंडअळी आधी पहिल्या बीटीला पुरून उरली, मग बोलगार्ड दोन या पुढच्या बीटीलाही, २०१७ ला आपल्याकडे तिनं काय केलं ते तुमच्या गावानंही पाहिलं असेल. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली आणि माणूस त्या दाटीत पंप घेऊन शिरलेला, अंगावर साधा शर्ट. दादा काय फवारतो यावर तुमचं पटणार नाही कदाचित, पण तो तोंडाला, हाताला काही न बांधता फवारत असेल तर त्याच्यावर ओरडायचा तुला पूर्ण हक्क आहे, भाऊ म्हणून.

आणि वहिनी. तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिचं आहे आणि तू ते तक्रारीसारखं लिहिलंयस.

माझी आई निंदायला जायची. श्रावणात झड लागली की वापसा येत नाही, डवरा चालत नाही, बैल वावरात घालता येत नाही आणि गवत तर थांबत नाही, आठ दिवसांत पऱ्हाटी दिसेनाशी होते. मग चिखलात उकिडवं बसून खुरप्यानं एकेक तास काढायचा. संध्याकाळी आईची बोटं उघडायची नाहीत, ती भाकरीचं पीठ मळायच्या आधी हात कोमट पाण्यात धरून बसायची, आणि मी बाजूला बसून एकेक बोट सरळ करून द्यायचे, बोटांच्या पेरांत माती इतकी बसलेली की ती निघायचीच नाही. मला कुणी जीएमवर, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्यांवर, बोललं की आधी ते पाणी आठवतं. मी त्या बियाण्याची बाजू घेत नाहीये, पण दादाच्या घरात हा निर्णय कोणाच्या पाठीवर झालाय ते बघ. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर झड उघडल्यावर सगळ्या गावाला एकाच दिवशी हव्या असतात, मजुरी वाढते, आणि न मिळालेल्या बाईचं काम घरची बाई करते. दुसरी बाजूपण आहे, ज्या बायांकडे वावर नाही त्यांचं पावसाळ्यातलं घर याच निंदणाच्या मजुरीवर चालतं, आणि तणनाशक आलं की आधी त्यांचा रोज जातो. या दोन्ही बाया तुमच्याच गावात आहेत. तुम्ही दोघांनी विष आणि विज्ञान यावर वर्षभर भांडण केलं, त्यातल्या एकीला तरी विचारलं का? वहिनीनं तुला टोमणा मारला नाही रे, तिनं तुला काम सांगितलं. चार दिवस जा निंदायला. तिच्या बाजूच्या तासात बस. मी हे रागानं म्हणत नाही, खरंच जा.

आता चोर बीटीबद्दल मला काय वाटतं तेही सांगते, नाहीतर म्हणशील ताईनं दादाचीच बाजू घेतली. ते बियाणं मला मान्य नाही, आणि माझं कारण तुझ्यापेक्षा वेगळं आहे. ते बेकायदा आहे, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली परवानगी नसलेलं जीएम बियाणं विकणं आणि पेरणं दोन्ही चालत नाही. कंपनीनं परवानगीचा अर्ज २०१६ ला मागे घेतला होता, तरी माल बाजारात फिरतोय, पाकिटावर कुणाचंही नाव, बिल नाही. म्हणजे उगवलं नाही, अर्धं साधंच निघालं, अळी पडली, तर दादा जाणार कुठे? कृषी केंद्रातून बिलावर घेतलेलं बियाणं फसलं तर तालुक्याच्या तक्रार समितीकडे जाता येतं, पंचनामा होतो, राज्याचा २००९ चा कापूस बियाण्यांचा कायदा आहे भरपाईसाठी. २०१७ ला बोंडअळीनंतर लोकांनी अर्ज भरले तेव्हा बिल, पाकीट, टॅग शोधत घरं उलटीपालटी केली होती. दादाकडे दाखवायला एक चिठोरं नाही. विकणारा पैसे घेऊन मोकळा, आणि सगळी जोखीम पेरणाऱ्याच्या माथी. ग्लायफोसेटचंही तेच, २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं असं बंधन घातलं, आणि आपल्याकडे कपाशीवर उभ्या पिकात मारायची त्याला शिफारस नाहीच. एकतर सरकारनं नीट चाचण्या करून हो म्हणावं, किंवा नाही म्हणून विकणाऱ्याला धरावं. हे वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवलंय त्याचा सगळा भार दादासारख्यांवर येतो, याची मला मनापासून चीड आहे.

म्हणून म्हणते, तुझा कागद चुकीच्या माणसाच्या नावानं लिहिलाय. तुला कुठलं दुकान, कुठला माणूस रात्री पाकिटं आणून देतो हे माहीत असेल आणि द्यायचीच असेल तर त्याची माहिती कृषी विभागाच्या गुणनियंत्रणवाल्यांना दे. दादाची दिलीस तर पंचनामा दादाच्या वावरात होईल, उभं पीक उपटायची वेळ येईल, आणि हो, सातबारा बघ एकदा. बाबा गेल्यानंतर फेरफार झाला असेल तर तिथे आईचंही नाव असेल. तू तक्रार भावावर करशील आणि तलाठी नाव आईचं वाचेल.

धुऱ्याचं काय करायचं ते सांगते, हे जमण्यासारखं आहे. दादाला बियाणं बदल म्हणू नको. एवढंच माग की तणनाशक मारायच्या आदल्या दिवशी सांग, आणि वारा माझ्याकडे असेल तर मारू नको, पंप खाली धर, नोझलला हूड लाव. हे कुठलाही शेजारी मागू शकतो. तुझ्या बाजूनं धुऱ्यालगत तुरीचे किंवा ज्वारीचे चार तास घे, तेवढा पट्टा सेंद्रियात धरू नको, तपासणीला येणारे तसंही ते विचारतात. परागाची जी तुला एवढी भीती आहे, त्याबद्दल, कपाशीचा पराग जड, तो वाऱ्यानं नाही, मधमाश्यांनी जातो आणि अंतर वाढलं की झपाट्यानं कमी होतो, बीजोत्पादनवाले ३० ते ५० मीटर अंतर राखतात. आणि पराग आला तरी यंदाच्या तुझ्या रुईत काही होत नाही, होतं ते सरकीत. म्हणजे घरचं बियाणं धरायचं असेल तर धुऱ्याकडची बोंडं सोड, वावराच्या मधल्या झाडांची धर.

आणि एक गोष्ट तुम्हा दोघांनाही कुणी सांगितली नसेल. बीटीच्या पाकिटासोबत पूर्वी साध्या बियाण्याचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, आठवतं? लोक फेकून द्यायचे. ते बाजूनं लावायचं असायचं, म्हणजे त्यावर बीटी पचवू न शकणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीवर टिकलेल्या अळ्यांच्या पतंगांशी मिळावेत आणि प्रतिकार लवकर वाढू नये. आपण फेकलं, आणि गुलाबी अळी जिंकण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आता तुझी साडेचार एकर बिनबीटी कपाशी दादाच्या बीटीच्या शेजारी उभी आहे. म्हणजे तेच काम तुझं वावर करतंय, निदान हिरव्या बोंडअळीपुरतं तरी. त्याच्या बियाण्याला तुझं वावर उपयोगी आहे. हे त्याला सांगून बघ, चौकात नको, घरी.

गुलाबी अळीला तर तुमचा धुरा दिसतच नाही. कामगंध सापळे (वासानं पतंग ओढणारे) दोघांनी मिळून लावा, हेक्टरी पाच, रोज सकाळी पतंग मोजायचे, सलग तीन दिवस सापळ्यात आठच्या वर आले तर धोक्याची वेळ. डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, दोन्ही वावरातल्या. आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही राखलेली पऱ्हाटी, कुणीच ठेवायची नाही, तू नाही आणि दादा पण नाही, एकानं ठेवली तर दुसऱ्याचं पुढचं वर्ष गेलं. मोजायचं काम आईला द्या वाटलं तर. तिला रोज दोन्ही वावरात जायला कारण मिळेल.

तणाचं म्हणशील तर तुझ्याकडे उत्तर असायला हवं, नुसता विरोध पुरत नाही. तासांमध्ये मूग-उडीद घेतोस का? सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन? सायकल कोळपं दोन घरांत मिळून घेता येईल, त्याला बैल लागत नाहीत. पुढच्या खरिपाला दादानं एक एकर बिलाचं बियाणं लावून तू निंदणाची जबाबदारी घेतलीस, आणि खर्च दोघांनी एकाच वहीत लिहिला, तर तुम्हाला तुमच्याच जमिनीचे आकडे मिळतील. दादा तयार होईलच असं नाही. नाही झाला तरी विचार.

पण या सगळ्याच्या आधी पंप. काकांचा पंप परत आण, खरं कारण सांगून, दोष न देता. त्यात नुसतं पाणी भर, थोडा वेळ तसंच राहू दे, हलव. दोन डब्यांत कपाशीची चार-चार रोपं असतील अशी तयारी कर, सरकी टोकून आठ-दहा दिवसांत होतात. एका डब्यावर या पंपातलं पाणी मार, दुसऱ्यावर स्वच्छ भांड्यातलं. दोन डबे लांब ठेव. आठवडाभरात नवीन पान कसं निघतं ते बघायचं. हे तुझ्या अंगणात करू नकोस, दादाच्या ओसरीवर कर, त्याला म्हण की मी चौकात बोललो ते चुकलं, आणि पानं माझ्यासोबत बघ. ज्या चार लोकांसमोर बोललास त्यांच्यासमोरही ते मागे घ्यावं लागेल, डब्यातली पानं काहीही सांगोत, कारण विष पेरणारा हा शब्द तू पुरावा नसताना वापरलास.

तो तक्रारीचा कागद फाडू नको, फोटोंसकट ठेव. डब्यांचे फोटो काढलेस की मला पाठव, दोन्ही डब्यांचे, आणि वहिनीसोबत किती तास निंदलेस तेही लिही.